दंगामस्तीनंतर कुत्र्याचे अंग तपासणे : केसांखाली लपणाऱ्या बारीक जखमा

टेकडीवाट

पुण्याच्या टेकड्यांवर आणि सोसायट्यांच्या मैदानांत सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांचे खेळ रंगतात. ती एकमेकांच्या अंगावर झेपावतात, मानगूट धरतात, गवतात लोळतात, आणि दमली की जो तो आपापला पट्टा अडकवून घरी जातो. कुत्रा शेपूट हलवत चालतो आहे म्हणजे त्याला काही झालेले नाही, असे आपण सहज धरून चालतो. मग दोन-तीन दिवसांनी मानेवर गाठ येते, तो तिथे हात लावू देत नाही, आणि डॉक्टरांनी केस कापले की खाली सुळ्याचे बारीक छिद्र व त्याच्या आत साठलेला पू दिसतो. पहिल्याच दिवशी पाच-दहा मिनिटे दिली असती, तर यातले बरेचसे टळले असते. म्हणून खेळानंतर कुत्रा कसा तपासावा, याविषयी जरा तपशिलाने लिहीत आहे. इतरांनीही भर घालावी.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की या कामात डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विसंबावे आणि तपासणी दोनदा करावी. पहिली घरी आल्यावर कुत्रा शांत झाला की, आणि दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपेतून उठतो तेव्हा. खेळाच्या भरात अंगात इतका जोश असतो की कुत्र्याला स्वतःचे दुखणे जाणवतच नाही, आणि जाणवले तरी तो ते सहसा दाखवत नाही. रात्रभर विश्रांती झाली, स्नायू आखडले, की दुखरा पाय आपोआप उघडा पडतो.

हात लावण्याआधी त्याला चालताना पाहावे. दुसऱ्या कोणाला पट्टा धरून सरळ रेषेत चालवायला सांगावे आणि आपण समोरून, मागून व बाजूने निरीक्षण करावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना कुत्रा डोके वर उचलतो आणि चांगल्या पायावर भार आला की डोके खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचे कंबरेचे हाड चालताना जास्त वर उचलले जाते. लंगडणे फार थोडे असेल तर फरशीवर नखांचा आवाज ऐकावा. चारही पायांची लय सारखी नसेल तर ते कानाला लवकर कळते.

त्यानंतर त्याला उजेडात उभे करून किंवा कुशीवर झोपवून नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही हात एकाच वेळी दोन्ही बाजूंनी फिरवावेत. दोन हात वापरण्याचे कारण असे की डाव्या-उजव्या बाजूंतला फरक लगेच समजतो : एका खांद्यावर सूज आहे, एका मांडीला ऊब जास्त आहे, एका बाजूला हात जाताच कातडी थरथरते. केसांच्या उलट दिशेने बोटे सरकवावीत. केस चिकटलेला, ओलसर किंवा कडक झालेला पुंजका लागला की थांबावे, केस बाजूला करून टॉर्चच्या उजेडात कातडी पाहावी. पुष्कळदा ती दुसऱ्या कुत्र्याची वाळलेली लाळ असते, पण तिच्याच खाली छिद्र असण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. काळ्या किंवा दाट केसांच्या कुत्र्यात रक्त दिसत नाही. अशा जागी पांढरा ओला रुमाल दाबून धरला की त्यावर गुलाबी डाग उमटतो.

सुळ्याचे एक छिद्र सापडले की शोध संपवू नये. कुत्र्याला वरचे दोन आणि खालचे दोन असे चार सुळे असतात, त्यामुळे जवळपास दुसरे छिद्र आहे का आणि मानेच्या किंवा पायाच्या पलीकडच्या बाजूला त्यांची जोडी आहे का, हे पाहावे लागते. बाहेरून तांदळाच्या दाण्याएवढे दिसणारे छिद्र आत बरेच खोल असू शकते, कारण कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा कातडीत रुतलेला असताना दोघांनी ओढाताण केली की कातडी खालच्या स्नायूपासून सुटते आणि आत पोकळी तयार होते. वरचे तोंड काही तासांत मिटते आणि जंतू आत कोंडले जातात.

जिथे आपण हमखास पाहत नाही त्या जागा म्हणजे काखा, जांघा, कानांची आतली बाजू, ओठांच्या आतला भाग, शेपटीच्या खाली आणि बोटांच्या बेचक्या. पट्टा किंवा हार्नेस काढूनच तपासावे, कारण झटापटीत त्याच्याच काठाने कातडी सोलवटलेली असते.

निवडुंगाचे फूल

फार उपयुक्त धागा. आमच्या घरी जखम दिसली की आजी हळद दाबते आणि वडील जंतुनाशकाची तपकिरी बाटली काढतात. दोघांनाही दुखवायचे नाही, परंतु नेमके काय लावावे हे एकदा कोणीतरी स्पष्ट सांगावे, अशी विनंती आहे. आमचा कुत्रा गावठी आहे, वय दोन वर्षे.

सावळा डोंगर

मी पशुवैद्य नाही, परंतु पशुवैद्यकीय दवाखान्यात बरीच वर्षे मदतनीस म्हणून काम करत आहे. तिथे रोज जे पाहतो त्यावरून लिहितो.

निवडुंगताई, पहिले काम धुण्याचे आहे, लावण्याचे नंतर. औषधाच्या दुकानात मिळणारे नॉर्मल सलाईन सर्वांत चांगले. ते नसेल तर एक लिटर पाणी उकळावे, त्यात साधारण 9 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ घालावे आणि कोमट झाल्यावर वापरावे. सुई काढलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने वरून हलकी धार सोडावी. सिरिंजचे टोक छिद्रात खुपसून जोराने पाणी मारू नये, कारण त्याने घाण आणखी आत जाते. पुसण्यासाठी कापसाऐवजी गॉज, म्हणजे जखमेसाठीचे जाळीदार कापड, घ्यावे. कापसाचे तंतू जखमेत अडकतात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून त्याचा रंग फिक्या चहासारखा होईल इतके पातळ करावे आणि तेच लावावे. दाट आयोडीन, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड जंतूंबरोबर नव्याने भरून येणाऱ्या पेशींनाही मारते, आणि झोंबल्यामुळे कुत्रा पुढच्या वेळी हातच लावू देत नाही.

हळदीविषयी आजींचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु खोल छिद्रात हळदीची पूड भरली की ती लगद्यासारखी बसते, तोंड बंद होते, आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. वडिलांच्या बाटलीत पोव्हिडोन आयोडीन नसून दुसरे घरगुती जंतुनाशक असेल, तर तेही कुत्र्यासाठी नको, कारण कुत्रा जखम चाटतो आणि ते पोटात जाते. लहान मुलांच्या चट्ट्यांसाठी घरात असलेली झिंक ऑक्साईडची मलमे याच कारणाने टाळावीत.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. कुत्रा लंगडतो म्हणून घरातली वेदनाशामक गोळी अर्धी करून देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आघात करते. डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे 2006 साली जनावरांच्या उपचारांसाठी बंदी आली ती गिधाडांच्या मृत्यूंमुळे, परंतु कुत्र्यांच्या पोटालाही ते अजिबात सोसत नाही. साध्या मुरगळीने आलेला कुत्रा बरा होऊन जातो, पण गोळीने आलेल्या कुत्र्याला सलाईनवर ठेवावे लागते.

कोकणकिनारा

सावळा डोंगर यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, पावसाळ्यात यात आणखी एक भीती असते, ती अळ्यांची. उघड्या, ओल्या जखमेवर माशी बसली की ती अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडून मांस खाऊ लागतात. कानाच्या मुळाशी, शेपटीखाली आणि मानेवर, म्हणजे जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही तिथे हे विशेष घडते. जून ते सप्टेंबरमध्ये म्हणूनच छोट्या ओरखड्याकडेही सकाळ-संध्याकाळ पाहावे लागते. जखमेला कुजका वास येणे, कुत्र्याने एकाच जागी सारखे डोके झटकणे, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसणे, ही लक्षणे दिसली की थांबू नये. माश्या दूर ठेवणारे जनावरांचे फवारे औषधाच्या दुकानात मिळतात; ते जखमेच्या कडेने मारावेत, डोळ्यांत व तोंडात जाऊ देऊ नयेत. रॉकेल, फिनेल किंवा पेट्रोल जखमेत ओतण्याची पद्धत अजूनही गावोगाव आहे आणि ती क्रूर आहे. अळ्या त्याने मरतातही, परंतु भोवतालची कातडी भाजून निघते आणि विष अंगात भिनते.

माळरान

आमच्याकडे कारवानी आहे. लातूर-सोलापूरकडच्या मंडळींना ही जात परिचित आहे. शिकारीसाठी धावणाऱ्या अशा सडपातळ कुत्र्यांची कातडी फार पातळ असते, तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते आणि केसही आखूड असतात. ज्या खेळात लॅब्रॉडॉरला ओरखडासुद्धा उठत नाही, त्यात कारवानीची कातडी हातभर फाटू शकते. त्यातही बरे इतकेच की जखम लपत नाही. फाटलेली कातडी लोंबत असेल तर ती कापू नये, ओढू नये. सलाईनने ओलवलेला गॉज तिच्यावर ठेवून स्वच्छ कापडाने सैलसर गुंडाळावे आणि त्याच दिवशी टाके घालून घ्यावेत. जितका उशीर, तितके टाके धरण्याची शक्यता कमी.

काटेरी रानात खेळणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पावसाळा संपून गवत पिवळे पडू लागले की कुसळी गवताची कुसळे कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानात शिरतात. कुसळाची रचना अशी असते की ते पुढे सरकते, मागे येत नाही. कुत्रा एकाच बेचकीत सारखा चाटत असेल आणि तिथे लालसर फोड दिसत असेल, तर ती चावल्याची जखम आहे असे न धरता आत कुसळ असेल, असा संशय घ्यावा.

चिमुकली पावले

आमच्याकडे पॉमेरेनियन आहे आणि शेजारी जर्मन शेफर्ड. दोघांची मैत्री आहे, पण काल शेफर्डने खेळता खेळता आमच्या पिल्लाला पाठीवर धरून एकदा हलवले. पिल्लू केकाटले, लगेच सुटले आणि पुन्हा खेळू लागले. मी सर्व केस उलटे करून पाहिले, जखम कुठेही नाही. तरीही आज ते मलूल वाटते आहे. थांबावे का?

सावळा डोंगर

ताई, थांबू नका, आजच दाखवा. मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला तोंडात धरून झटकले असेल तर बाहेरची कातडी शाबूत राहूनही आत बरगडी मोडणे, फुप्फुसाला मार बसणे किंवा पोटात रक्तस्राव होणे शक्य असते.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवा, डॉक्टरांना सांगता येतील. पिल्लू शांत पडलेले असताना छातीची हालचाल मोजा. कुत्र्याचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला साधारण 10 ते 30 असतो. आणि ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. ती पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या फिकट किंवा निळसर असतील, श्वास घेताना पोट आत ओढले जात असेल किंवा पोट ताठ झाले असेल तर हा तातडीचा प्रसंग समजा. नेताना त्याला कडेवर आवळून धरू नका, सपाट टोपलीत किंवा पाटावर झोपवा.

आपल्याकडच्या पुष्कळ गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्यात हा रंग कळत नाही. त्यांची खालची पापणी हळूच खाली ओढून आतला भाग पाहावा.

चिमुकली पावले

दाखवून आले. छातीचा एक्स-रे काढला, एका बरगडीला बारीक चीर आहे, फुप्फुस व्यवस्थित आहे. विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक सुरू आहे. आपले मनापासून आभार.

टेकडीवाट

पिल्लू वेळेत दवाखान्यात पोहोचले, हे वाचून फार बरे वाटले.

आता डोळे, कान, तोंड आणि नखे यांविषयी थोडे. खेळानंतर कुत्रा एक डोळा मिचकावत असेल, त्यातून पाणी येत असेल किंवा पंजाने डोळा चोळत असेल, तर बुबुळावर ओरखडा असण्याची शक्यता असते. हा ओरखडा उघड्या डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर हिरवट चमकणारा रंग डोळ्यात घालून तो शोधतात. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब अशा वेळी मुळीच घालू नयेत, कारण त्यांत स्टिरॉइड असेल तर ओरखडा चिघळून डोळा जाऊ शकतो. डोळ्याच्या बाबतीत 'उद्या पाहू' असे करू नये.

कानाच्या टोकाला लागले की रक्त भिंतीपर्यंत उडते आणि घरचे घाबरतात. जखम बहुधा छोटी असते, पण कुत्रा डोके झटकत राहिल्याने रक्त थांबत नाही. कान डोक्यावर उलटा दुमडून त्यावर गॉज ठेवावा आणि जुन्या बनियनची पट्टी श्वास मोकळा राहील अशी गुंडाळावी. कानाची पाळी फुगून मऊ गादीसारखी झाली असेल तर आत रक्त साठलेले आहे. ते सुईने घरी काढण्याचा प्रयत्न करू नये.

तोंडातून रक्त दिसले तर प्रथम पिल्लाचे वय लक्षात घ्यावे. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडत असतात, आणि त्या काळात दोऱ्या ओढताना किंवा दुसऱ्याच्या मानेला धरताना हिरडीतून रक्त येणे स्वाभाविक आहे. म्हणूनच कुत्र्याच्या मानेवर रक्त असूनही जखम सापडली नाही, तर दुसऱ्या कुत्र्याच्या हिरड्या तपासायला त्याच्या मालकांना सांगावे. मोठ्या कुत्र्याचा दात तुटून मध्ये लाल किंवा काळा ठिपका दिसत असेल, तर दाताची नस उघडी पडली आहे. तो जेवतो आहे म्हणून हे दुखणे सोडून देऊ नये.

नखांत सर्वांत जास्त तुटते ते पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे नख. ते गवतात, जाळीत किंवा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकते. रक्त आल्यास नखाच्या टोकावर कॉर्नफ्लॉवर दाबून पाच ते दहा मिनिटे धरावे, मध्ये मध्ये उचलून पाहू नये. हा उपाय फक्त नखापुरता आहे, कातडीच्या जखमेत पीठ भरू नये. नख मुळाशी हलत असेल तर ते दवाखान्यातच काढून घ्यावे.

विदर्भवारा

नागपूरकडून एक भर घालतो. एप्रिल-मे महिन्यांत खेळ झाल्यावर तळव्यांच्या गाद्या आधी पाहाव्यात. तापलेल्या सिमेंटवर धावताना गाद्यांची वरची साल निघते आणि कुत्रा चारही पाय सारखेच जपून टाकतो, त्यामुळे लंगडणे लक्षातच येत नाही. त्याच काळात धाप अर्ध्या तासानंतरही कमी होत नसेल, हिरड्या विटकरी लाल दिसत असतील आणि चाल अडखळत असेल, तर जखमा शोधण्यात वेळ घालवू नये. तो उष्माघात असू शकतो. साधे पाणी अंगावर ओतत, पंख्याखाली ठेवत लगेच दवाखाना गाठावा.

अंगणातली चिंच

आमच्या कुत्र्याला कालच्या खेळात कुठेही दात लागलेला नाही, पण पोटावर जांभळे डाग दिसत आहेत आणि लहान लाल ठिपकेही आहेत. दाबले तरी ते फिके होत नाहीत. मुका मार असावा का?

सावळा डोंगर

मुका मार असू शकतो, परंतु फिके न होणारे बारीक लाल ठिपके पाहिले की आम्ही प्रथम गोचिडांविषयी विचारतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात आणि मग साध्या लोळण्यानेही कातडीखाली रक्त उतरते. हिरड्यांवर तसेच ठिपके आहेत का, नाकातून रक्त आले होते का, भूक कमी झाली आहे का, हे पाहून आजच रक्ततपासणी करून घ्या. खेळानंतरच्या तपासणीत हाताला गोचीड लागली तर ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, आणि तशी सापडल्याचे लक्षात ठेवावे.

मुळामुठा

खेळाचे भांडण झाले आणि सोडवताना माणसालाच दात लागला, तर काय करावे, हेही इथे असावे. धारेखाली साबणाने 15 मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालयात जावे. दात ओळखीच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी हा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, आपण घेऊ नये. आपल्या कुत्र्याला मोकाट किंवा अनोळखी कुत्र्याचा दात लागला असेल, तर त्याची वार्षिक लस झालेली असतानाही पशुवैद्याला कळवावे. अशा वेळी त्याची जखम धुताना आपण हातमोजे घालावेत, कारण चावणाऱ्याची लाळ तिथे असते.

टेकडीवाट

मुळामुठा, हा मुद्दा आवश्यकच होता.

कोणत्या वेळी घरी थांबावे, हे अनेकांनी निरोपांतून विचारले आहे. वरवरचे खरचटणे, केस गेलेला चट्टा, हलके लंगडणे परंतु पाय टेकणे, खाणेपिणे नेहमीसारखे, एवढेच असेल तर जखम धुऊन, कुत्र्याला एक दिवस बांधून ठेवून पाहण्यास हरकत नाही. लॅब्रॉडॉरची शेपूट जोराच्या खेळानंतर किंवा पोहल्यानंतर मुळापासून लुळी पडते. पाहताना भीती वाटते, परंतु विश्रांतीने ती बहुधा काही दिवसांत पूर्ववत होते. उलट, सुळ्याचे कोणतेही छिद्र, दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, अजिबात न टेकवलेला पाय, छाती-पोटावरची जखम, किंवा 24 तासांनंतरही तसेच राहिलेले लंगडणे दवाखान्यात दाखवावे. दुसऱ्या सकाळी थर्मामीटर लावल्यास गुदद्वारातले तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावे. खेळून आल्या आल्या ते लावू नये, कारण तेव्हा ते तसेही वाढलेले असते.

निवडुंगाचे फूल

शेवटचा प्रश्न. तपासताना आमचा कुत्रा गुरगुरतो. तोंड बांधावे का?

सावळा डोंगर

गुरगुरणे म्हणजे 'इथे दुखते' असे त्याचे सांगणे आहे, त्यासाठी त्याला दटावू नये. दुखऱ्या जागेकडे सर्वांत शेवटी जावे आणि एका माणसाने डोक्याजवळ बसून त्याच्याशी बोलत राहावे. तरीही दात दाखवत असेल तर मऊ पट्टीने थोडा वेळ तोंड बांधता येते, परंतु तो धापा टाकत असेल, उलटी करत असेल किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर कधीही नाही. अशा वेळी घरची तपासणी तिथेच सोडून द्यावी आणि पुढचे डॉक्टरांवर सोपवावे. सवय मात्र आजपासून लावा : दुखत नसताना रोज संध्याकाळी पंजे, कान, ओठ हाताळावेत आणि नंतर त्याच्या आवडीचे काही द्यावे. आमच्या दवाखान्यात ज्यांना अशी सवय असते ते कुत्रे टाके घालतानाही बऱ्याच अंशी शांत उभे राहतात.